ब्रोकरचं कमिशन स्वतःच्या कंपनीत घ्यायचंय? मग कंपनी आधी एक्स्चेंजच्या दप्तरात आली पाहिजे

मागच्या महिन्यात जुळे सोलापूरमधला एक पोरगा ऑफिसात आला. म्हणाला, काका माझं शेअर ब्रोकरकडचं कमिशन आता महिन्याला दीड लाखाच्या आसपास येतंय, मित्र म्हणतोय प्रायव्हेट लिमिटेड काढ आणि सगळं तिकडं वळव, टॅक्स वाचतो, काढू का? मी म्हणलं तुझं ऑथराइज्ड पर्सनचं सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे, तर म्हणाला माझ्याच. मग कंपनी कुठल्या कामाचे पैसे घेणार बे? गप्प बसला. त्याला जे दोन तास बसवून सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण सोलापुरात आता गल्लोगल्ली डीलर आणि एपी (ऑथराइज्ड पर्सन, म्हणजे शेअर ब्रोकरच्या वतीने क्लायंट सांभाळायला नेमलेला माणूस) झालेत आणि हा प्रश्न मला दर पंधरा दिवसाला कुणीतरी विचारतंच.

आधी मुद्द्याचं बोलू. जबाबदारी ज्याच्या नावावर, कमिशन त्याच्या खात्यात. कंपनीत पैसे हवे असतील तर कंपनीलाच एपी करा, आणि ते करता येतं, नियमात बसतं, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. पण एपी तुम्ही आणि पैसे बायकोच्या फर्ममध्ये, किंवा एपी भाऊ आणि पैसे तुमच्या कंपनीत, असलं करू नका, कारण जो रजिस्टर नाही त्याला ब्रोकरेज वाटायची परवानगी ब्रोकरलाच नाहीये.

मी हे केलंय म्हणून सांगतोय. नवी पेठेत सब-ब्रोकर होतो तेव्हाची गोष्ट. ब्रोकरच्या ब्रँच मॅनेजरनेच सुचवलं की वहिनींच्या नावाने एक फर्म काढा, अर्धं कमिशन तिकडं मार्केटिंग खर्च म्हणून टाकतो, तुमचा स्लॅब खाली येईल. चौदा महिने तसं चाललं. मग त्यांच्या हेड ऑफिसचं ऑडिट आलं, त्यांनी विचारलं ही फर्म कोण, हिने नेमकं काय मार्केटिंग केलं, एखादं पत्रक, एखादी जाहिरात, काहीतरी दाखवा. दाखवायला काहीच नव्हतं. माझं सगळं कमिशन पाच महिने अडकलं, फर्मचंही आणि माझंही, आणि तो मॅनेजर तोवर नोकरी बदलून गेला होता. आमच्या सीएने सगळं उत्पन्न माझ्या नावावर दाखवायला लावलं, कारण काम मी केलं होतं, व्याजासकट टॅक्स भरला. त्या पाच महिन्यात ऑफिसच्या दोन पोरांचा पगार मी सोनं गहाण ठेवून दिलाय. तेव्हा ही चूक तुमच्याकडून होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्ही नेमके कोण आहात ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तुम्ही ब्रोकरच्या पगारावर असाल, त्यांच्या खुर्चीत बसता, त्यांनी सांगितलेल्या वेळेला येता जाता, तर पगार आणि इन्सेंटिव्ह तुमच्याच खात्यात यायला पाहिजे, कंपनीचा विचार सोडा. नोकरी तीच ठेवून कागदावर कन्सल्टन्सी लिहिली की पीएफचा घोळ होतो आणि इन्कम टॅक्सचाही. तुम्ही एपी असाल तर पुढं वाचा. म्युच्युअल फंड वितरक असाल तर तुमचं थोडं वेगळं आहे, ते खाली लिहिलंय.

एपीचे नियम शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या सर्क्युलरमधून आलेत. त्यानंतर ३ ऑगस्ट २०१८ च्या सर्क्युलरने सब-ब्रोकर हा प्रकारच बंद केला आणि आम्हा जुन्या लोकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत एपी व्हायला लावलं. तो बदल झाला तेव्हा खूप जणांना वाटलं नुसतं नाव बदललं. तसं नाही. सब-ब्रोकरकडे सेबीचं स्वतःचं रजिस्ट्रेशन असायचं, एपीला मान्यता एक्स्चेंज देतं आणि त्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी ब्रोकरवर असते. म्हणून ब्रोकर तुमच्या कंपनीचे कागद इतके खोदून बघतो, त्याचा राग मानू नका.

एपी व्यक्ती होऊ शकते, भागीदारी फर्म होऊ शकते, एलएलपी होऊ शकते आणि कंपनीही होऊ शकते. व्यक्तीला अटी सोप्या आहेत, भारताचा नागरिक, १८ पूर्ण, किमान दहावी पास, फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नको, बाजारात नाव चांगलं. फर्म किंवा कंपनी असेल तर या अटी प्रत्येक पार्टनरला आणि प्रत्येक डायरेक्टरला लागतात, आणि लोक अडकतात ते इथंच. अक्कलकोट रोडच्या माझ्या एका मित्राने कंपनी काढताना दुसरा डायरेक्टर म्हणून आबांना घेतलं, वडिलांचा मान म्हणून. आबा आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर होते, माणूस सोन्यासारखा, पण शिक्षण सातवी. अर्ज परत आला. मग आबांचा राजीनामा, नवीन डायरेक्टर, आरओसीला (कंपनी निबंधकाला) फॉर्म, परत अर्ज, अडीच महिने गेले आणि आबांना वाईट वाटलं ते वेगळंच. तर डायरेक्टर ठरवायच्या आधी प्रत्येकाचं दहावीचं सर्टिफिकेट हातात घ्या. मान द्यायचाच असेल तर ऑफिसच्या पूजेला आबांना बसवा.

दुसरी अट ऑब्जेक्ट क्लॉजची, म्हणजे कंपनीचे उद्देश लिहिलेल्या कलमाची. कंपनीच्या मेमोरँडममध्ये किंवा भागीदारीच्या डीडमध्ये सिक्युरिटीजचा व्यवसाय करता येईल असं कलम स्पष्ट पाहिजे. तुमच्याकडे घरची जुनी कंपनी पडून असेल, सुताच्या व्यापाराची किंवा टॉवेल एक्स्पोर्टची, तर ती तशीच वापरता येणार नाही, आधी ऑब्जेक्ट बदला. नवीन काढत असाल तर सीएसला, म्हणजे कंपनी सेक्रेटरीला, सांगा की शेअर ब्रोकरचा ऑथराइज्ड पर्सन म्हणून काम करणे हे मुख्य ऑब्जेक्टमध्येच लिहा. नावात म्युच्युअल फंड, स्टॉक एक्स्चेंज, असेट मॅनेजमेंट असले शब्द घालू नका, त्यांना रेग्युलेटरच्या अटी लागू होतात आणि नाव तिथंच अडकतं. एकट्याची कंपनी, म्हणजे ओपीसी, बऱ्याच जणांच्या डोक्यात असते, पण ओपीसीला शेअरमध्ये गुंतवणूक करण्यासारखी फायनान्सची कामं करायला बंदी आहे, आणि एपीचं काम त्यात येत नाही हे समजावण्यात वेळ घालवण्यापेक्षा दोन माणसांची प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी बरी, असं माझं मत आहे.

आता महत्त्वाचं. ज्या कंपनीत तुम्ही डायरेक्टर आहात ती कंपनी एखाद्या एक्स्चेंजवर एपी असेल तर तुम्ही स्वतः त्याच एक्स्चेंजवर एपी राहू शकत नाही. दोन्ही डगरीवर पाय चालत नाही. म्हणजे तुमचा जुना एपी कोड सरेंडर आणि कंपनीचा नवा मंजूर हे दोन्ही एकामागोमाग झालं पाहिजे. मध्ये रिकामे दिवस पडले तर त्या दिवसांचं कमिशन कुणाचं, यावर भांडण होतं. कंपनीची मान्यता येईपर्यंत कंपनीच्या नावाने एकही काम करू नका, आधी मान्यता, मग काम. आणि एका एक्स्चेंजवर एकाच ब्रोकरचा एपी होता येतं, त्यामुळे जुना ब्रोकर सोडून नव्याकडं जायचंय आणि त्याच वेळी कंपनीही करायचीय असं असेल तर एकदम दोन्ही करू नका, जीव जाईल.

एपी बदलला की त्या ब्रँचच्या सगळ्या क्लायंटना किमान ३० दिवस आधी कळवायचं काम ब्रोकरचं. पण तुम्ही स्वतःही फोन करा. आमच्याकडचे क्लायंट साठीच्या पुढचे आहेत, रिटायर्ड शिक्षक, एसटीतले, साखर कारखान्यातले, त्यांना अचानक वेगळ्या नावाचा मेसेज गेला तर ते घाबरतात, त्यांना वाटतं पैसे गेले. मी तीनशेच्या वर फोन केले होते, पंधरा दिवस लागले, आणि एकही क्लायंट गेला नाही.

मग टॅक्सचं, कारण सगळे येतात ते याच्यासाठी. त्या पोराचं गणित मी कागदावर मांडलं. वर्षाचं कमिशन १८ लाख. गाळ्याचं भाडं, एक मुलगी कामाला, इंटरनेट, लाईट, पेट्रोल धरून ६ लाख खर्च. राहिले १२ लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेटमुळे त्याला टॅक्स शून्य बसतो. हेच १२ लाख कंपनीचा नफा म्हणून राहिले तर २२ टक्के, वर सरचार्ज आणि सेस, म्हणजे २५.१६८ टक्के, रुपयात ३,०२,०१६. आणि उरलेले पैसे डिव्हिडंड म्हणून घरी न्यायचे म्हणलं तर ते त्याच्या उत्पन्नात परत धरले जाणार. तो म्हणाला मग मी डायरेक्टरचा पगार म्हणून सगळे काढतो. काढ की, पण मग टॅक्स वाचला किती? शून्याचा शून्यच. २० लाख नफा असता तर स्वतःच्या नावावर २,०८,००० टॅक्स येतो. कंपनीतून तेवढाच पगार घेतला तर पगाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, त्यातून वाचतात १५,६००. आणि कंपनीला टर्नओव्हर कितीही असो ऑडिट लागतंच, आरओसीचे वार्षिक फॉर्म लागतात, उशीर झाला की एकेका फॉर्मला दिवसाला १०० रुपये. माझे या सगळ्यात वर्षाला चाळीस हजारांच्या वर जातात. सांगा मग काय वाचलं. ५० लाखांच्या आत नफा असेल तर नुसत्या टॅक्ससाठी कंपनी काढू नका, गणित बसत नाही.

एलएलपीला टॅक्स सरळ ३० टक्के, त्यावर सेस, पण नफ्याचा वाटा पार्टनरच्या हातात परत टॅक्स होत नाही, आणि टर्नओव्हर ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपीच्या कायद्याखाली ऑडिट लागत नाही. लहान धंद्याला मला तीच बरी वाटते. फक्त फॉर्म ११ हा ३० मे ला आणि फॉर्म ८ हा ३० ऑक्टोबरला, या दोन तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

अजून एक गैरसमज, कमिशनवाल्यांना ८ टक्के किंवा ६ टक्के नफा दाखवून मोकळं व्हायची अंदाजी स्कीम चालते असं सांगणारे भेटतात. कमिशन आणि ब्रोकरेजच्या उत्पन्नाला ती स्कीम लागू नाही. हिशोबाची वही ठेवावीच लागते, कंपनी असो नाहीतर नसो.

मग कंपनी काढायचीच कशाला? कारणं आहेत, आणि चांगली आहेत. दोघं-तिघं मिळून धंदा करताय आणि कमिशन एकाच्या पॅनवर येतंय तर वाद होणारच, कंपनीत वाटा कागदावर येतो. तुमच्या माघारी धंदा चालू राहावा असं वाटत असेल तर व्यक्तीचा एपी कोड व्यक्तीबरोबर संपतो, कंपनीचा संपत नाही. पैसे मागे ठेवून होटगी रोडला दुसरं ऑफिस काढायचंय, चार माणसं घ्यायचीत, तेव्हाही कंपनी सोयीची. मी २०२१ मध्ये केली ती याच कारणाने, माझा बायपास झाला तेव्हा हॉस्पिटलात पडल्या पडल्या मला हाच घोर होता की उद्या मी नसलो तर या क्लायंटचं काय.

एक मात्र मनातून काढून टाका, की कंपनी केली म्हणजे आपल्यावर काही येत नाही. बरेच ब्रोकर डायरेक्टरांकडून वैयक्तिक हमी लिहून घेतात. क्लायंटकडचं ब्रोकरचं येणं थकलं तर ते आधी कंपनीच्या कमिशनमधून कापतात, मग डिपॉझिटमधून, मग तुमच्याकडं येतात. कमिशन कंपनीत घ्यायचा हाच विषय कॅनडातसुद्धा गेली काही वर्षं चाललाय. तिथं म्युच्युअल फंड विकणाऱ्यांना कमिशन स्वतःच्या कंपनीत वळवता यायचं आणि शेअर ब्रोकरकडच्या लोकांना येत नव्हतं. १ जानेवारी २०२३ ला दोन्हीकडच्या नियामक संस्था एक झाल्या, तीच आताची सीआयआरओ, आणि मग प्रश्न उभा राहिला की सगळ्यांना एकच नियम कुठला लावायचा. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पर्याय मांडले, कंपनीने नुसते पैसे घ्यायचे, की कंपनीने स्वतः मान्यता घेऊन नियमाखाली यायचं, असे. आपल्याकडं दुसरा रस्ता आधीपासून आहे आणि मला तोच बरोबर वाटतो, कारण क्लायंटचं नुकसान झालं तर दार कुणाचं वाजवायचं हे त्याला माहीत असतं.

करार करताना घाई करू नका. ब्रोकर आणि एपीमध्ये लेखी करार लागतोच आणि त्यात कामाची व्याप्ती, जबाबदाऱ्या, माहितीची गुप्तता, कमिशनची वाटणी, करार संपवण्याचं कलम हे सगळं यायला पाहिजे. कमिशनच्या कलमात तुमच्या कंपनीचं पूर्ण नाव, पॅन आणि खातं लिहून घ्या. टक्केवारी जीएसटी धरून की सोडून, ते लिहून घ्या, कारण कंपनीची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नंबर घ्यावा लागतो आणि १८ टक्के कुणाच्या खिशातून यावर मी दोन चांगल्या माणसांचे संबंध तुटलेले बघितलेत. कुठली वजावट कधी होणार आणि करार संपल्यावर शेवटचं पेमेंट किती दिवसात, तेही लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर मॅनेजरने हो म्हणलं त्याला काही अर्थ नाही, माझा अनुभव वर सांगितलाच.

कंपनीच्या खात्यात ब्रोकरकडून कमिशन यावं, क्लायंटकडून एक रुपया येऊ नये. एपीने मोबदला फक्त ब्रोकरकडून घ्यायचा, क्लायंटकडून फी, सल्ल्याचे पैसे, चहापाण्याचे पैसे काही नाही. क्लायंटचे पैसे आणि शेअर तर एपीच्या खात्यातून जाताच कामा नयेत, ते ब्रोकर आणि क्लायंटमध्ये थेट. कॉन्ट्रॅक्ट नोट, स्टेटमेंट सगळं ब्रोकरच्या नावाने. तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर पावती देऊ नका, साधी वहीच्या कागदावरसुद्धा नको. कंपनी झाल्यावर हा धोका वाढतो, कारण नाव मोठं दिसतं. माझ्याकडे अशोक चौकातले एक चादरीचे कारखानदार कापडी पिशवीत दोन लाख रोख घेऊन आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मालक, आता तुमची कंपनी आहे की, तिच्यातच भरा, सोमवारी शेअर घ्या. वीस वर्षांची ओळख, नाही म्हणायला जड गेलं. पण मी पिशवीला हात लावला नाही. त्यांच्या पोराला बोलावून घेतलं, बँकेत भरायला लावले आणि तिथून ब्रोकरच्या खात्यात पाठवायला शिकवलं. आता ऑक्टोबर २०२५ पासून ब्रोकरच्या यूपीआय आयडीत व्हॅलिड हा शब्द येतो आणि पेमेंटच्या वेळी हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते, सेबी चेकवर आयडी तपासताही येतो, ते माझ्या ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय.

बोर्डाचं पण बघा. ट्रेडिंग टर्मिनल असलेली जागा ब्रोकरची ब्रँच धरली जाते, त्यामुळे ब्रोकरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर ठळक पाहिजे, तुमची कंपनी त्यांची एपी आहे हे स्पष्ट पाहिजे. इन्स्पेक्शनला येतात तेव्हा आधी भिंतच बघतात. गडबड सापडली तर ब्रोकरला तुमची मान्यता काढून घ्या असं एक्स्चेंजला सांगावं लागतं, तुमचे सगळे पैसे थांबवावे लागतात, त्या भागातल्या गुंतवणूकदारांना सावध करावं लागतं आणि पोलिसात तक्रारही द्यावी लागते. सोलापूर केवढंसं आहे, असली बातमी संध्याकाळपर्यंत पार्क चौकातून विजापूर रोडला पोचते.

म्युच्युअल फंडवाल्यांसाठी. एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी नंबर, तुमच्या नावावर असेल तर कमिशन तुमच्या नावावरच येणार. कंपनीत हवं तर कंपनीचा वेगळा एआरएन घ्यावा लागतो, आणि क्लायंटशी बोलणाऱ्या प्रत्येक माणसाचा स्वतःचा ईयूआयएन नंबर, म्हणजे तो माणूस एनआयएसएमची ५-ए परीक्षा पास पाहिजे. जुनं एयूएम, म्हणजे तुमच्या कोडवरची क्लायंटची गुंतवणूक, आपोआप येत नाही, ते वळवायची प्रक्रिया ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेकडं आहे, ती पूर्ण होईपर्यंत जुना एआरएन जिवंत ठेवा.

पैसे कंपनीत आल्यावरचं थोडं. ते तुमच्या खिशातले नाहीत आता. पोरीच्या ॲडमिशनला कंपनीतून तीन लाख उचलले, नंतर भरतो म्हणून, असं केलं आणि कंपनीत साठलेला नफा असेल तर ती रक्कम डिव्हिडंड धरून तुमच्यावर टॅक्स लागू शकतो. पगार ठरवा, बोर्डाचा ठराव करा, दर महिन्याला घ्या. बायकोला कंपनीतून पगार देताय आणि तुमचा वाटा २० टक्के किंवा त्याहून जास्त आहे तर तो पगार तुमच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो, सूट फक्त त्यांच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच्यामुळेच असेल तर. आमच्या घरी त्यांनी आधी परीक्षा दिल्या, मग पगार सुरू केला. गुमास्ता करून घ्या, माणसं कमी असतील तर ऑनलाइन नुसती सूचना द्यावी लागते. व्यवसाय कर कंपनीचा वेगळा आणि डायरेक्टरांचा वेगळा, वर्षाला २,५०० प्रत्येकी, हा विसरतात लोक.

पहिलं कमिशन कंपनीत पडलं की त्याच दिवशी ब्रोकरचं कमिशन स्टेटमेंट काढा, कंपनीच्या एपी कोडवर किती क्लायंट मॅप झालेत ते जुन्या यादीशी नावानिशी जुळवा, जीएसटीचं बिल त्याच रकमेचं आहे का बघा. पुढचे तीन महिने तुमचं स्वतःचं एआयएस, म्हणजे इन्कम टॅक्सच्या साइटवरचं वार्षिक माहितीपत्रकसुद्धा बघत राहा. तिथं जुन्या पॅनवर नव्या तारखेचं कमिशन दिसलं तर त्याच आठवड्यात ब्रोकरच्या अकाउंट्सला मेल टाका, फोन नको, मेलच, आणि त्याची प्रिंट कराराच्या फाइलीत लावून ठेवा.